वाचा : नाही

पारकर एजंट फोर्टात तिसऱ्या मजल्यावर बसतो.
कागद उडू नयेत म्हणून त्यांवर पितळी कुलूप ठेवतो, किल्ली नसलेलं.
म्हणाला, ताई, तीन वाटा आहेत.
टुरिस्ट व्हिसावर आणा, मग मुदतवाढीसाठी हात जोडत बसा.
एंट्री व्हिसा काढा, तोही वेळ संपला की पुन्हा नवा.
नाहीतर ओसीआय. वेळ खातं, पण एकदाचं होतं.
चौथी वाट त्यानं चहा संपल्यावर सांगितली :
तुम्हीच जा की तिकडे.

मी एकोणसत्तर. माझगावात दोन खोल्या,
खिडकीतून गोदीच्या क्रेनचं फक्त डोकं दिसतं.
चौऱ्याहत्तर साली आई-बाबा इस्रायलला गेले,
रहमीम चार वर्षांचा, बाबांच्या खांद्यावर, पाय लुळे.
माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते.
मी राहिले.
एवढंच. त्यात कुणाचा दोष नव्हता.

दिमोनाला वाळवंट आहे म्हणतात.
आईनं तिथंही शुक्रवारी नारळ किसला,
तिथंही त्याला मराठीत रागावली, मराठीत निजवलं,
आणि गेल्या पावसाळ्यात,
म्हणजे आपल्या पावसाळ्यात, तिथं कसला,
ती गेली. मग त्याला संस्थेत ठेवलं.

आता कागद.
इथल्या पालिकेच्या दाखल्यावर तो रामीम,
तिथल्या पासपोर्टात आणखी तिसरंच काही.
आडनाव पेझारकर, त्यातला कर विमानातच कुठेतरी पडला.
तिन्ही माणसं एकच आहेत
असं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मी लिहून दिलं.
सहीच्या चौकटीत त्याचा डावा अंगठा हवा,
रेघेला न लागता.
चार वेळा घेतला म्हणे. चारही वेळा रेघेबाहेर.

आणि तिथल्या कोर्टाला पटायला हवं
की तो माझ्यावर अवलंबून आहे.
बायको असती, मूल असतं, तर रकाना तयार होता.
बहिणीला पुरावा लागतो.
तो पुरावा परवा आला, नोटरीच्या लाल शिक्क्यानिशी :
चालणे : नाही.
वाचा : नाही.
आकलन : अंशतः.
संध्याकाळी अस्वस्थ होतो, ओरडतो,
एकच अर्थहीन आवाज पुन्हा पुन्हा काढतो.
कुणीतरी कष्टाळू माणसानं तो आवाज
अक्षरं सुटी करून लिहून ठेवला होता :
ता न ला ग ली.

मी पारकरकडे बघितलं. त्यानं पुन्हा वाचलं, ओठ हलवत.
मग कुलूप उगाच इकडचं तिकडे ठेवलं.

बदलून घेऊ या का, मी म्हटलं. तो बोलतो.
पारकर चांगला माणूस आहे, म्हणून खरं सांगितलं :
बदलायला सहा महिने. आणि बोलतो म्हणालात
तर जज्ज त्यालाच विचारतील, कुठे राहायचंय तुला?
कुठल्या भाषेत विचारतील, ताई?

म्हणून मी सही केली.
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
रेघेला न लागता, नीट, चौकटीच्या आत.

गुरुवारी फोन लावते. ओर्ना नावाची बाई उचलते,
तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं जमतं.
म्हटलं, त्याच्या तोंडी तान आलं की पाणी दे.
तान, ती म्हणाली. तान?
तान.
मग फोन कुठेतरी टेकवला, चपला दूर गेल्या,
नळ सुटला, बंद झाला.
एका मोठ्या माणसाचं पाणी पिणं
मी इथं कान लावून ऐकलं, शेवटच्या घोटापर्यंत.

फाईल अजून प्रक्रियेत आहे.
माझ्यानंतर काय, हा प्रश्न अजून कुठल्याच फॉर्मवर आलेला नाही,
येईल तेव्हा बघू.

ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला.
मग तो, एक्कावन्न वर्षांपूर्वीच्या माझगावात बसून,
जरा कुरकुरत :
गार नाय.